स्वस्त विम्याची सीमा

कोल्हापूर-निपाणी पट्ट्यात एक प्रश्न नेहमी ऐकू येतो : सीमेपलीकडे नोंदणी केल्यास मोटारीचा विमा स्वस्त पडतो काय? तृतीय पक्ष विम्यापुरते उत्तर स्पष्ट आहे, नाही. तो दर देशभर एकच असतो. 1 जून 2022 पासून लागू झालेल्या दरानुसार 1000 ते 1500 सीसीच्या खासगी मोटारीस तो करांव्यतिरिक्त वर्षाला 3,416 रुपये आहे. कोणताही दलाल तो कमी करू शकत नाही.

फरक पडतो तो स्वतःच्या मोटारीच्या नुकसानीच्या विम्यात. विक्रेत्याने पुढे केलेलीच पॉलिसी घ्यावी, असे बंधन नाही. एजंट कंपनीचा प्रतिनिधी असतो, परवानाधारक ब्रोकर ग्राहकाचा. म्हणून तीन-चार कंपन्यांचे दर लेखी मागवावेत. तुलना करताना मोटारीचे घोषित मूल्य समान आहे ना, हे प्रथम पाहावे. मूल्य घटविले की हप्ता घटतो. पण मोटार चोरीस गेल्यास भरपाईही घटते.

दावा न केल्याचा बोनस वाढत 50 टक्क्यांपर्यंत जातो. तो मोटारीचा नसून मालकाचा असतो. नव्या मोटारीसही लावता येतो. मात्र मुदत संपून 90 दिवस उलटल्यास तो हातचा जातो. नसलेला बोनस किंवा खोटा पत्ता दाखवून वाचविलेले थोडे रुपये दाव्याच्या दिवशी लाखांवर पाणी सोडायला लावू शकतात.

माल आपण तोलून घेतो. पॉलिसीही वाचूनच घ्यावी.