भाषा कळत नाही म्हणे!

‘हल्ली मराठीत वाचण्यासारख्या कादंबऱ्या येतच नाहीत’ हे वाक्य आमच्या वयाच्या माणसांच्या तोंडी इतकं बसलंय की ते म्हणताना आता कोणी विचारही करत नाही. बदलापूरच्या कट्ट्यावर ऐकते, लग्नाच्या पंगतीत ऐकते, फोनवर नातेवाइकांकडून ऐकते. मी लगेच विचारते, शेवटची कुठली वाचलीत? उत्तर येतं, ‘मृत्युंजय’. अहो, ती १९६७ ची! साठ वर्षं होत आली तिला.

जरा रेटून विचारलं की दुसरं कारण पुढे येतं. “नव्या लेखकांची भाषाच कळत नाही हो. सगळं त्या गावाकडच्या बोलीत.” आज मला या कारणाचाच समाचार घ्यायचा आहे. जन्मभर मराठी शिकवलं, तेवढा हक्क मला असावा.

नुकतीच कृष्णात खोत यांची ‘रिंगाण’ वाचून संपवली. २०२३ चा साहित्य अकादमी पुरस्कार या कादंबरीला मिळाला. धरणासाठी उठवलेल्या गावाची गोष्ट. माणसं नव्या जागी गेली, काही गुरं मात्र मागेच राहिली. त्यांच्या ओढीनं देवाप्पा पुन्हा त्या डोंगरात जातो. माणसाळलेली जनावरं तोवर रानटी झालेली असतात. माणसांच्या पुनर्वसनाची निदान कागदपत्रं तरी होतात. गुरांचं काय, हा प्रश्न माझ्या मनात सत्तरी ओलांडेपर्यंत कधी आला नव्हता. आता तो जात नाही.

पहिली काही पानं अडखळत गेली, हे खरं. पन्हाळ्याकडची बोली माझ्या कानाला सवयीची नाही. मग मी मोठ्यानं वाचू लागले, वर्गात वाचायचे तशी. दोन दिवसांत कान बसला. एखादा शब्द अडला तर अडला, वाक्य पुढे घेऊन जातंच. अहो, आपल्याच पिढीनं श्री. ना. पेंडशांचा ‘गारंबीचा बापू’ डोक्यावर घेतला ना? उद्धव शेळक्यांची ‘धग’ १९६० ची, त्यातलं वऱ्हाडी आपण वाचलंच ना? तेव्हा कुठे अडलं होतं बोलीवाचून?

बरं, बोलीचीच अडचण असती तर नंदा खरे यांची ‘उद्या’ घरोघरी दिसायला हवी होती. ती तर बहुतेक आपल्याच शहरी मराठीत आहे. माणसांवर चोवीस तास नजर ठेवणाऱ्या, सगळं बाजाराच्या हाती सोपवलेल्या जगाची ती कादंबरी २०१४ ला आली. तेव्हा भविष्यातली वाटली असेल, आज खिशातला मोबाइल पाहिला की अंगावर येते. २०२० चा अकादमी पुरस्कार तिला जाहीर झाला आणि खऱ्यांनी तो नाकारला. ती बातमी कट्ट्यावर सगळ्यांना ठाऊक होती. कादंबरी वाचलेलं कोणी निघालं नाही.

पानं जास्त असतात, हेही ऐकते. मग विश्वास पाटलांची ‘पानिपत’ कशी वाचली? आमच्या नात्यात निम्म्या घरांत ती आहे. त्याच लेखकाची ‘झाडाझडती’ किती घरांत आहे? तीही धरणग्रस्तांचीच, तिलाही १९९२ चा अकादमी पुरस्कार. लेखक तोच आणि पानांना घाबरणारे वाचकही तेच!

तेव्हा अडचण भाषेची नाही आणि पानांचीही नाही. ‘पानिपत’ वाचताना आपल्याला हळहळता येतं, अभिमानही वाटतो, आणि आपल्याला कोणी जाब विचारत नाही. ‘रिंगाण’ विचारते. आपल्याच भागाचं बघा. १९७२ सालच्या बारवी धरणाचं पाणी उल्हासनगरला येतं, अंबरनाथच्या कारखान्यांना जातं. धरणाची उंची वाढवल्यावर २०१९ च्या पावसाळ्यात ते वाढीव पातळीला भरलं, तेव्हा ‘आता टंचाई मिटली’ म्हणून आपण खूश झालो. तोंडली, काचकोलीकडच्या लोकांची घरं त्याच पाण्याखाली गेली. आपल्यापासून दीड-दोन तासांवर! ते लोक कुठे गेले, त्यांच्या गुरांचं काय झालं, हे आपल्यापैकी कितीजणांनी विचारलं? उल्हासनगर तर फाळणीत घरदार सुटलेल्या सिंधी निर्वासितांनी वसवलेलं. घर सुटणं म्हणजे काय हे ज्या गावाला सांगावं लागू नये, तिथेसुद्धा धरणाच्या कादंबरीला आपण ‘खेड्यातलं काहीतरी’ म्हणून बाजूला ठेवतो.

सगळं नवं चांगलंच आहे, असं मी म्हणत नाही. नेमाड्यांची ‘हिंदू’ मला निम्मी आवडली, निम्मीनं दमवलं. खानदेशातल्या कुणबी घराचं, बायकांच्या कष्टांचं वर्णन अप्रतिम. पण लेखक व्याख्यान द्यायला लागला की मी पानं उलटत होते. काही नव्या कादंबऱ्यांत बोली नुसती दागिन्यासारखी घातलेली असते, आत माणूस नसतो. काहींवर संपादकाची लाल पेन्सिल फिरलेलीच दिसत नाही. पण ही तक्रार वाचून करायची असते. न वाचता केली तर ती आळसाची सबब होते.

३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्रानं मराठीला अभिजात दर्जा दिला. पेढे वाटले गेले, मोबाइलवर अभिनंदनाचे शेकडो निरोप आले. त्या आठवड्यात मी प्रत्येकाला विचारलं, एखादी कादंबरी विकत घेतलीत का? दोघांनी विषय बदलला, एकानं पेढा पुढे केला.

वाचनालयं लोक मागतात तेच आणतात. आमच्याकडे एका वाचनालयात नवी कादंबरी मागितली तर उत्तर मिळालं, “बाई, मागणीच नसते हो.” त्यांचं काय चुकलं? मागायचं कोणी?

तर भाचे-पुतण्यांनो आणि ब्लॉगवाल्या मित्रमैत्रिणींनो, येत्या दोन महिन्यांत गेल्या पंधरा वर्षांतली एक मराठी कादंबरी वाचा. कळली नाही तर मोठ्यानं वाचा. आवडली नाही तर खुशाल शिव्या घाला, पण कुठल्या पानावर बिनसलं ते खाली लिहा. मी वाट बघतेय.