भोक पडलेलं पान

मागच्या श्रावणातली गोष्ट. मंदिरातून परतताना कॉलनीतल्या एक ताई माझ्या फाटकाशी थांबल्या. आपल्याच समाजातल्या, रात्रीचं पाणीसुद्धा न घेणाऱ्या. कुंडीकडे बघून म्हणाल्या, "वहिनी, तुमचा मीठा नीम तर अळ्यांनी पार बोडका केला हो! औषध नाही मारलं?"

औषध मारणं. किती सहज बोलतो आपण हे. ज्याने जीव जातो त्याला औषध म्हणायचं, आणि ते द्यायचं नाही, मारायचं. त्या ताईंच्या हातात तेव्हा अभिषेकाचं गंधोदक होतं.

मला त्यांच्यावर राग धरायचा नाही. पण लिहायचं आहे ते त्यांच्याविषयी, माझ्याविषयी आणि आपल्या सगळ्यांच्या गॅलरीतल्या त्या कढीपत्त्याविषयी. पाणी गाळून पिणाऱ्या, कांदा-बटाटा सोडणाऱ्या, बिस्किटाच्या पुड्यावरचा हिरवा ठिपका चष्मा लावून तपासणाऱ्या आपण बायका, कढीपत्त्यावर अळी दिसली की दुकानातून फवारणीची बाटली आणतो, आणि आपल्याला त्यात काही चुकतं आहे असं वाटतही नाही.

माझं माहेर विदर्भातलं. आमच्याकडे याला गोडनिंब म्हणतात, जसा कोथिंबिरीला सांभार. इकडे भोपाळला आले तर तो मीठा नीम झाला, म्हणजे नावापुरतं तरी माहेर सुटलं नाही. मिसरोदला घर झालं तेव्हा पहिलं झाड लावलं ते हेच. इथली काळी माती पाणी धरून ठेवते, आणि कढीपत्त्याला मुळाशी साचलेलं पाणी सोसत नाही. पहिलं रोप मी असंच पाणी घालघालून मारलं. दुसऱ्याला मातीत निम्मी वाळू आणि जुनं शेणखत दिलं, कुंडीला खाली भोकं मोठी केली. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत पानं पिवळी पडून गळतात, तेव्हा बायका घाबरून आणखी पाणी घालतात. घालू नका. झाड झोपलेलं असतं. माती बोटभर खोल कोरडी झाली की मगच पाणी द्यावं. फेब्रुवारीअखेर शेंडे छाटले की चैत्रात फुटवे येतात. आंबट ताक घालावं असं सगळ्या सांगतात, पण चार दिवस ठेवून आंबवलेलं मर्यादेबाहेरचं ताक आपण ज्या कारणासाठी पीत नाही, त्याच कारणासाठी मी ते झाडालाही घालत नाही. झाडाचं काही अडलेलं नाही.

आणि पाऊस पडला की ती येते. काळं-पिवळं फुलपाखरू कोवळ्या फुटव्यावर एकेक अंडं ठेवून जातं. कढीपत्ता लिंबू-संत्र्याच्या कुळातला, म्हणून लिंबावरचं फुलपाखरू त्यालाही आपलं समजतं. अळी लहान असते तेव्हा पाखराच्या विष्ठेसारखी दिसते, काळी-पांढरी, ओंगळ; पक्ष्याने खाऊ नये म्हणून ते सोंग. मोठी झाली की पानासारखी हिरवीगार, करंगळीएवढी. बोट लावलं तर डोक्यामागून लालसर दोन शिंगं बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. तिच्याजवळ आपल्याला भिववायला एवढंच आहे.

आता माझं पाप सांगते. सात-आठ वर्षांपूर्वी मीही फवारलं होतं. दशलक्षण सुरू व्हायचं होतं, घरी पाहुणे येणार होते, आणि बोडकं झाड फाटकाशी बरं दिसत नव्हतं. दुकानदाराने बाटली दिली, मी पदर नाकाला लावून फवारलं. दुसऱ्या दिवशी सकाळी अळ्या फांदीला उलट्या लोंबत होत्या, काळ्या पडलेल्या. अकरा मोजल्या, मग मोजणं सोडलं. त्या दिवशी मंदिरात उत्तम क्षमेवर प्रवचन होतं. मी ऐकत बसले. क्षमावाणीला सगळ्यांना हात जोडले, जावेला फोन केला, सर्व जीवांची क्षमा मागितली. त्या अकरांचा विचार तेव्हा मनात आला नाही. आला तो पुढच्या वर्षी, पुन्हा अंडी दिसली तेव्हा.

हे मी एकदा महिला मंडळात बोलले. एक शिकलेली मुलगी म्हणाली, "काकू, ही आरंभी हिंसा आहे. गृहस्थाला ती सुटत नाही." शास्त्र तिला ठाऊक आहे याचा आनंद झाला, पण शास्त्राची ही सोय मला मान्य नाही. चूल पेटवताना, झाडू मारताना, पाणी तापवताना जी होते ती आरंभी. तिथे मारण्याचा हेतू नसतो, उलट आपण जपून करतो. इथे काय करतो? चष्मा लावून अळी शोधतो, नेम धरतो, चाप दाबतो. याला संकल्पी म्हणायचं नाही तर कशाला म्हणायचं? आणि त्रस जीवाची संकल्पी हिंसा तर अणुव्रतातच सोडलेली आहे. इथे आसपास सोयाबीन पेरणारे शेतकरी आहेत. त्यांचं पोट त्या पिकावर आहे, त्यांना मी घरबसल्या उपदेश करणार नाही. पण एका कुंडीवर माझं कोणतं पोट आहे?

बरं, फवारतो कधी? चातुर्मासात. चातुर्मासात आपल्यातल्या कितीतरी घरांत हिरवी पानभाजी बंद असते, काहींकडे निदान अष्टमी-चतुर्दशीला. का बंद असते? पावसाळ्यात पानांवर जीव फार असतात म्हणूनच ना? म्हणजे पानांवर जीव आहेत म्हणून आपण पान सोडायचं, आणि जे पान आपण खाणारच नाही त्याच्यावरचा जीव मारायचा! मग फवारता कोणासाठी? फाटकाशी झाड शोभून दिसावं म्हणून? मी तरी त्यासाठीच फवारलं होतं.

यावर एक आजी मला म्हणाल्या, झाड हाही जीवच, एकेंद्रिय. त्याला वाचवणं ही दया नाही का? हा प्रश्न मला आवडला, कारण त्यात खरंच काहीतरी आहे. पण आजी, अळी खाते दोनेक आठवडे, मग कोशात जाते. मोठं झाड नुसत्या दांड्यांवर आलं तरी महिन्या-दीड महिन्यात पुन्हा हिरवं होतं. मी तीन पावसाळे बघितलं आहे. लहान रोप मात्र मरू शकतं. म्हणून माझ्या लहान रोपावर आषाढ लागताच मी जुन्या मच्छरदाणीचा तुकडा बांधते. फुलपाखरू बसतच नाही, अंडं पडत नाही, कोणी मरत नाही. खर्च शून्य. चुकून अळी निघालीच तर फांदीसकट उचलून मोठ्या झाडावर ठेवते. मोठं झाड मी त्यांच्यासाठीच सोडलं आहे.

कडुनिंबाचं तेल चालेल का, असं विचारणाऱ्याही पुष्कळ. नैसर्गिक आहे ना, म्हणतात. नैसर्गिक असेल, पण त्यातलं द्रव्य अळीची कात टाकण्याची क्रियाच बिघडवतं. ती वाढू शकत नाही आणि मरते. सावकाश मरते, एवढाच फरक. बारीक मावा-तुडतुडे येतात तेव्हा मी शेंडा पाण्याने धुते, त्यातही काही जीव जात असतील. मी निर्दोष आहे असं म्हणत नाहीच. पण हात धुवून मागे लागणं वेगळं.

कोणी म्हणेल, मग झाडाची कटकट कशाला, बाजारातून जुडी आणावी. आणा. पण तिच्यातलं एकेक पान बघा. एवढ्या अळ्यांची आवडती पानं, आणि एकालाही भोक नाही. कसं? आपल्याकडून युरोपात जाणारा कढीपत्ता कीटकनाशकांच्या अंशासाठी जादा तपासणीच्या यादीत घातला गेला, तो काय उगाच? अळीने न खाल्लेलं पान शुद्ध, असं आपण धरून चालतो. मला तर आता भोक पडलेलं पान दिसलं की बरं वाटतं. तेच निवडून, उलटं-सुलटं बघून, धुऊन फोडणीत टाकते. आणि जाता जाता, कुंडीची तयार माती घेताना पिशवीवर बोनमील लिहिलं आहे का वाचा. बोनमील म्हणजे हाडांचा चुरा. बिस्किटाचा पुडा वाचता, तसा तोही वाचा.

आणखी एक. आपण भोपाळच्या आहोत. कीटकनाशक हा शब्द देशात दुसऱ्या कुणी हलकेपणी घेतला तर घेवो, आपण कशा घेतो? युनियन कार्बाइडचा कारखाना सेव्हिन नावाचं कीटकनाशक बनवायचा, कार्बारिल हे त्याचं रासायनिक नाव. ते करायला लागणारा मिथाइल आयसोसायनेट १९८४ साली २ आणि ३ डिसेंबरच्या मधल्या रात्री टाकीतून सुटला आणि हजारो माणसं गेली. पिकावरची कीड मरावी म्हणून चाललेला तो खटाटोप होता. कार्बारिलवर आपल्याकडे बंदी आली २०१८ साली, चौतीस वर्षांनी. कारखान्यात पडून राहिलेला ३३७ टन विषारी कचरा पिथमपूरला हलवला तो २०२५ च्या जानेवारीत. कारखाना शहराच्या उत्तरेला, आपलं मिसरोद दक्षिणेला. म्हणून आपल्याला ते लांबचं वाटतं का? दर ३ डिसेंबरला मेणबत्ती लावायची आणि आषाढात बाटली आणायची, हे मला जमेना.

त्या ताई परवा पुन्हा आल्या होत्या. फाटकाच्या लोखंडी पट्टीला एक कोश चिकटलेला, कमरेला रेशमाचा बारीक धागा बांधलेला. मी म्हटलं, फाटक जरा हळू लावा. त्या वाकून बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मुळाशी फुटलेलं एखादं रोप मला द्याल का? आणि हो, ती मच्छरदाणी कशी बांधता, तेही दाखवा."