घरचे कुंकू, घरची लाली

न्हाणीघरातला आरसा पाहिला की घरात किती बायका आहेत ते कळते. आरशाच्या कडेला टिकल्या ओळीने चिकटवलेल्या असतात. सासूबाईंची मोठी मरून, सुनेची बारीक काळी, कॉलेजातल्या लेकीची खड्याची. रात्री काढायची, आरशाला लावायची आणि सकाळी तीच पुन्हा कपाळावर! त्याच टिकलीखाली एखाद दिवशी खाज सुटते, पण ती घामावर ढकलली जाते. मग कपाळ लाल होते, बारीक पुरळ उठते. काही जणींच्या बाबतीत शेवटी टिकलीच्याच आकाराचा पांढरा डाग दिसू लागतो. लग्नाच्या वयाच्या मुलीच्या कपाळावर असा डाग आला की घरात कुणी मोठ्याने बोलत नाही, पण ‘कोड’ हा शब्द सगळ्यांच्याच मनात येऊन जातो.

असा प्रत्येक डाग म्हणजे कोड नव्हे. काही टिकल्यांच्या गोंदात पॅरा टर्शरी ब्युटिल फिनॉल नावाचे रसायन असते. त्वचेला रंग देणाऱ्या पेशींवर ते घाला घालते. हा डाग आनुवंशिक नसतो आणि स्पर्शाने दुसऱ्याला लागतही नाही. वेळीच टिकली बंद केली तर रंग हळूहळू परत येऊ शकतो, पण येईलच अशी खात्री नाही. म्हणून खाज सुटली त्याच दिवशी टिकली काढावी, कपाळ पूर्ण बरे होईपर्यंत त्यावर काहीही लावू नये आणि डाग दिसला तर घरगुती लेपांत वेळ न घालवता त्वचारोगतज्ज्ञाला दाखवावे.

पण त्यानंतर कपाळावर लावायचे काय? मोकळ्या कपाळाने वावरणे अनेकींना आजही रुचत नाही. याचे उत्तर आजीच्या कुंकवाच्या करंड्यात आहे. त्यात कुंकवाशेजारी मेणाची इवलीशी डबी असायची. आधी बोटाने मेणाचा ठिपका, त्यावर कुंकू. ना गोंद, ना चिकटपट्टी.

हे मेण घरी करायला दहा मिनिटे पुरतात. मधमाशीचे मेण किसून एक चमचा घ्यावे, त्यात पाऊण चमचा खोबरेल तेल घालावे. वाटी गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवून दोन्ही वितळवावे आणि डबीत ओतावे. मेणबत्तीचे मेण मात्र वापरू नये. त्यात रंग आणि सुगंधी द्रव्ये मिसळलेली असू शकतात.

कुंकवाला थोडा धीर लागतो. शंभर ग्रॅम हळकुंडे घ्यावी, तीही फार चकचकीत पिवळी नसलेली, कारण चमक आणण्यासाठी शिशाचा रंग चोळल्याचे प्रकार उघडकीस आले आहेत. अडकित्त्याने त्यांचे बारीक तुकडे करावे. चार-पाच लिंबांच्या रसात साधारण दहा ग्रॅम टाकणखार विरघळवून ते पाणी तुकड्यांवर ओतावे. टाकणखाराला हिंदी मुलखात सुहागा म्हणतात, तेव्हा तिकडच्या दुकानात त्याच नावाने मागावा. भांडे काचेचे किंवा चिनी मातीचे असावे, धातूचे नको. रोज एकदा लाकडी चमच्याने हलवावे. तीन-चार दिवसांत रस मुरतो आणि तुकडे लाल होऊ लागतात. हळदीतले रंगद्रव्य, टाकणखारातले बोरॉन आणि लिंबाची आंबटाई यांचा हा खेळ आहे. नुसता चुना लावूनही हळद लाल होते, पण तो रंग टिकत नाही, शिवाय चुना कातडीला भाजतो. तुकडे सावलीत खडखडीत वाळवावे, कुटून वस्त्रगाळ करावे आणि तिळाच्या तेलाचे दोन-चार थेंब चोळून डबी भरावी.

हे कुंकू बाजारच्या कुंकवासारखे भडक होणार नाही. थोडे विटकरीकडे झुकेल. बाजारातल्या अनेक कुंकवांची ती झगझगीत लाली कृत्रिम रंगांची असते आणि अशा रंगांनी कपाळ काळवंडलेल्या बायकांची कमतरता नाही. टाकणखार पोटात जाऊ द्यायचा नसतो. म्हणून हे कुंकू ओठांना लावू नये, डबी मुलांच्या हाती लागू देऊ नये आणि कातडी फुटलेली असेल तर वापरू नये. शेंदराचे तर नावच नको. पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचे संयुग, त्याला साजशृंगारात जागा नाही.

हळदीचीच ॲलर्जी असेल तर? तामिळनाडूत त्यावरही तोड आहे. तिथे साबुदाणा लोखंडी कढईत काळा कुळकुळीत होईपर्यंत भाजतात, मग पाणी घालून आटवतात आणि तो दाट काळा रस नारळाच्या करवंटीत वाळवतात. लावताना ओले बोट फिरवले की गंध तयार. याला चांदु म्हणतात. बाळाच्या कपाळी आणि गालावर तीट लावायलाही तो उत्तम. भाजताना धूर फार होतो, तेव्हा खिडक्या उघड्या ठेवाव्या.

आता ओठ. ओठांच्या लालीसाठी बीट हा सगळ्यांचा आवडता उपाय, आणि फसतो तोही सगळ्यांत जास्त. बिटाचा रस तुपात किंवा खोबरेल तेलात घोटला की दिसतो छान, पण दुसऱ्या दिवशी रस वेगळा आणि तूप वेगळे झालेले असते. बिटाचा रंग पाण्यात विरघळतो, तेलात नाही, आणि उष्णतेने उतरतो. वर त्या पाण्यात जंतू वाढतात ते निराळेच. बिटाची ताजी फोड ओठांवर फिरवावी आणि वर तूप लावावे, एवढाच त्याचा उपयोग. एखाद्या हळदीकुंकवाच्या संध्याकाळपुरता तो पुरतो.

टिकाऊ लाली हवी असेल तर तेलात उतरणारा रंग हवा, आणि तो रतनजोतीत असतो. काश्मीरकडे रोगन जोशला लाल तवंग येतो तो याच मुळीचा. ओळखीच्या काष्ठौषधीवाल्याकडून ती घ्यावी, कारण या नावाखाली वेगवेगळ्या झाडांची मुळे विकली जातात. तीन चमचे बदामाच्या तेलात अर्धा चमचा मुळीचे तुकडे घालून वाटी गरम पाण्यात पंधरा मिनिटे ठेवावी, रात्रभर मुरू द्यावी आणि फडक्यातून गाळावी. या तेलात एक चमचा किसलेले मेण वितळवून डबीत ओतले की झाले. नागपूरच्या उन्हाळ्यात ते पातळ वाटले तर मेण थोडे वाढवावे. रंग जांभळट लाल येतो आणि सावळ्या रंगावर तो विशेष खुलतो. ओठांवरचे थोडेफार पोटात जातेच, म्हणून गर्भारपणी आणि अंगावर पाजत असताना रतनजोत टाळावी. त्या काळात साधे मेण आणि तूप पुरे.

डोळ्यांच्या बाबतीत मात्र हौस आवरलेली बरी. एरंडेल तेलाच्या दिव्यावर ताम्हन पालथे घालून धरलेले काजळ सुरम्यापेक्षा केव्हाही बरे, कारण सुरम्यात बहुधा शिसे असते. तरी ती शेवटी काजळीच. शिवाय एकाच डबीत घरातल्या सगळ्यांची बोटे फिरली की डोळे येण्याची साथही घरभर फिरते. खुपऱ्यांसारखा आजारही हातांवाटे पसरतो. भारतात तो आता सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न उरलेला नाही असे जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केले ते २०२४ साली! मोठ्यांनी लावायचेच तर पापणीच्या बाहेरून, प्रत्येकीच्या वेगळ्या डबीतून. तान्ह्या बाळाच्या डोळ्यांत मात्र कोणतेही काजळ नको, आजीचा कितीही आग्रह असला तरी. तिला चांदुची करवंटी द्यावी. तीट लावल्याचे समाधान मिळते आणि बाळाचे डोळेही सुरक्षित राहतात.

कोणतीही नवी डबी आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस पाहावी. मेण-तेलाच्या डबीत ओले बोट घालू नये, तिला पाणी लागले नाही तर ती दोन-तीन महिने चांगली राहते. तेलाला खवट वास आला की टाकून द्यावी. लग्नकार्यासाठी करायचे असेल तर हळकुंडे पंधरा दिवस आधी भिजत घालावी. पावसाळ्यात आठवडाभर आणखी धरावा, कारण सावलीत वाळवण तेव्हा लवकर वाळत नाही.