पहिली गाडी पुलावर नव्हतीच

खाडीवरच्या पुलावरून धूर सोडत चाललेली आगगाडी, असे एक चित्र मराठी वाचकाच्या ओळखीचे आहे. ठाण्याजवळच्या पुलाचे म्हणून ते ओळखले जाते. खाली बहुधा एकच मजकूर असतो : ‘भारतातील पहिली आगगाडी, १६ एप्रिल १८५३’. कोणी त्यापुढे ‘दुर्मिळ पोस्टकार्ड’ असेही लिहितो. या दोन्ही विधानांना आमचा आक्षेप आहे.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली गाडी आजच्या घाटकोपर, भांडुप, मुलुंड या पट्ट्यातून चौतीस किलोमीटर धावली आणि ठाण्याला थांबली. खाडी ओलांडून कल्याणपर्यंतचा मार्ग खुला झाला तो १ मे १८५४ रोजी. म्हणजे खाडीपुलावरची गाडी ‘पहिली’ असूच शकत नाही. राहिले पोस्टकार्ड. पोस्टकार्ड हा प्रकारच ऑस्ट्रियात १८६९ साली निघाला, हिंदुस्थानात १८७९ साली आला आणि चित्रांची कार्डे त्यानंतरची. तेव्हा १८५३ चे पोस्टकार्ड हा वदतो व्याघात होय. हे कळायला संशोधन लागत नाही, दोन तारखा शेजारी ठेवणे पुरते.

ज्या भाषेत एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली, त्या भाषेचे अध्यापक ओवीतल्या एका अक्षरासाठी हस्तलिखिते ताडून पाहतात. मग चित्रापुढे ही चिकित्सा कुठे जाते? ‘चित्र केवळ वातावरणनिर्मितीसाठी आहे’, असे उत्तर मिळते. हे उत्तर लंगडे आहे. चित्राखाली तारीख छापली की ते वातावरण राहत नाही, पुरावा होते. आणि खोटा पुरावा वर्गात शिकवला जातो.

नुकसान केवळ एका वर्षाच्या फरकाचे नाही. नदीवरचा फिरता पूल जहाजासाठी बाजूला वळतो आणि गाडी खोळंबते. अशा पुलाचे चित्र पाहणाऱ्याला पाणी हीही एक वाट आहे हे विसरता येत नाही. ठाण्याचा पूल फिरता नव्हता; पण तिथेही गलबतांच्या वाटेसाठी मुख्य प्रवाहावर रुंद गाळा सोडावा लागला. खाडी ही रेल्वेपूर्व काळापासूनची हमरस्ता होती, तिच्यावर माणसे जगत होती. ‘पहिली गाडी’ म्हटले की नजर इंजिनावर खिळते आणि ही खाडी नुसती पार्श्वभूमी होते. प्रगतीची कथा आणि गतकाळाचा उमाळा यांचे संगनमत असे चित्राखालच्या एका ओळीत घडते.

गोविंद नारायण माडगांवकरांचे ‘मुंबईचे वर्णन’ १८६३ सालचे, म्हणजे या पुलानंतर अवघ्या नऊ वर्षांनी आलेले. ते पुस्तक आणि हे चित्र वर्गात शेजारी ठेवून वाचायला हवे. ठाणे-कल्याण रेल्वेची कल्पना जॉर्ज क्लार्क यांना १८४३ साली भांडुपच्या मुक्कामात सुचली, असे सांगितले जाते. त्याच भांडुपवरून रोज लोकलने जाणाऱ्या विद्यार्थ्याला हे चित्र परके वाटू नये, पण ते त्याला खरेपणाने भेटले पाहिजे.

आमची मागणी साधी आहे. चित्र छापताना कर्ता, मुद्रक, स्थळ आणि काळ द्यावा. कार्ड असेल तर त्याची मागची बाजूही वाचावी, कारण शिक्का आणि तारीख तिथेच असतात. यातले काही ठाऊक नसेल तर ती जागा कोरी सोडावी. कोरी जागा वाचकाला शोधायला लावते. खोटी तारीख त्याचा शोधच थांबवते.