सामान ट्रकमध्ये, कुटुंब कारमध्ये, रस्ता मात्र एकच! शहर बदलताना महामार्गावर ट्रकशी कसं जमवायचं?

ट्रकवाल्यांना शिस्त नाही, ही तक्रार जुनीच आहे. पण लोडेड ट्रक कसा चालतो आणि का थांबतो, हे किती कारचालकांना माहीत असतं? पुणे ते गुरुग्राम या प्रवासाच्या निमित्ताने समजून घेऊया.

मे-जून म्हणजे बदल्यांचा आणि घरं हलवण्याचा हंगाम. मुलांचं शालेय वर्ष संपलेलं असतं, नव्या शहरातली नोकरी वाट पाहत असते. पुण्यातून गुरुग्रामला निघालेलं कुटुंब सामान पॅकर्सच्या ट्रकमध्ये चढवतं आणि कार स्वतः चालवत न्यायची ठरवतं. अंतर सुमारे १,४५० किलोमीटर. गाडीचं सर्व्हिसिंग होतं, फास्टॅगमध्ये पैसे भरले जातात, उदयपूरचं हॉटेल बुक होतं. तयारी होत नाही ती एकाच गोष्टीची. पुढचे दोन-तीन दिवस हजारो ट्रकच्या सोबतीने गाडी चालवायची आहे, याची.

ट्रकवाल्यांचं चुकतंच नाही असं कोणी म्हणणार नाही. पण महामार्गावरचा बराचसा धोका दोन कारणांनी वाढतो. ट्रकने कारसारखं वागावं अशी कारचालकाची अपेक्षा असते आणि ट्रक ड्रायव्हरला थांबायला जागा न देणारी आपली व्यवस्था असते. या दुसऱ्या कारणात सामान पाठवणाऱ्या ग्राहकाचाही वाटा आहे.

*या रस्त्यावर इतके ट्रक का?*

हा प्रवास मुख्यतः राष्ट्रीय महामार्ग ४८ वरून होतो. दिल्ली, जयपूर, उदयपूर, अहमदाबाद, सुरत, मुंबई, पुणे, बेंगळुरू आणि चेन्नई यांना जोडणारा हा देशाच्या मालवाहतुकीचा कणा आहे. न्हावा-शेवा बंदरातले कंटेनर, वापी-अंकलेश्वरचे केमिकल टँकर, किशनगडचा मार्बल आणि निमराण्याच्या कारखान्यांचा माल या एकाच पट्ट्यावरून धावतो.

देशाच्या एकूण रस्त्यांमध्ये राष्ट्रीय महामार्गांचा वाटा जेमतेम २ टक्के आहे. पण केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये रस्ते अपघातांत गेलेल्या १,६८,४९१ जणांपैकी ६१,०३८ जणांचा जीव राष्ट्रीय महामार्गांवर गेला. म्हणजे शंभरातले ३६.

*खरा धोका वेगातल्या फरकाचा*

केंद्राच्या २०१८ च्या अधिसूचनेनुसार चौपदरी महामार्गावर कारची कमाल वेगमर्यादा ताशी १०० किलोमीटर आणि मालवाहू वाहनांची ८० आहे. काही ठिकाणी राज्यं ती आणखी कमी ठेवतात. प्रत्यक्षात चढावर लोडेड ट्रक ४० वर येतो. त्याच्या मागून १०० ने येणारी कार दर सेकंदाला जवळपास १७ मीटर अंतर कापत त्याच्या जवळ जाते. १०० मीटर पुढे असलेला ट्रक सहा सेकंदांत बॉनेटसमोर येतो. मोबाइलवरचा एक मेसेज वाचायला साधारण तेवढाच वेळ लागतो.

दुसरा मुद्दा वजनाचा. २०१८ च्या सुधारित नियमानुसार दोन ॲक्सलच्या ट्रकला मालासह १८.५ टनांपर्यंत परवानगी मिळाली. छोटी कार सव्वा टनाच्या आसपास असते. म्हणजे वेग सारखा असला तरी ट्रक थांबवताना ब्रेकना सुमारे पंधरा पट ऊर्जा पचवावी लागते. ही ऊर्जा उष्णता होऊन ब्रेकमध्ये साठते. म्हणून जाणता ड्रायव्हर उतारावर खालच्या गिअरमध्ये, इंजिनच्या जोरावर गाडी रोखत हळूहळू उतरतो. मागचा कारचालक मात्र हॉर्न वाजवत असतो.

उतारावर सतत ब्रेक दाबला किंवा डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलला टाकली की ब्रेक तापतात आणि ऐनवेळी दगा देतात. असा ताबा सुटलेला ट्रक काय करू शकतो हे पुणेकरांना नव्याने सांगायला नको. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री नवले पुलाजवळ उतारावर एका ट्रकने चाळीसहून अधिक वाहनांना धडक दिली होती. पुण्याहून उत्तरेकडे निघालेल्यांना बोरघाटाचा उतार पहिल्या तासा-दीड तासातच लागतो. घाटात हळू चालणारा ट्रक त्रासदायक वाटतो, पण तो सुरक्षित ट्रक असतो. भीती बाळगायची ती आरशात वेगाने मोठ्या होत जाणाऱ्या ट्रकची. अशा वेळी बाजूची लेन मोकळी असल्याची खात्री करून त्याच्या वाटेतून दूर व्हावं.

*ट्रक उजव्या लेनमध्ये का असतात?*

नियमाने अवजड वाहनांनी डावीकडून चालायचं असतं. मग उजवी लेन का अडते? काही ड्रायव्हर बेशिस्त असतात, हे खरंच. पण डाव्या लेनची अवस्थाही पाहायला हवी. उलट्या दिशेने येणारी दुचाकी, सर्व्हिस रोडवरून अचानक घुसणारी रिक्षा, ढाब्यासमोर अर्धवट उभी असलेली वाहनं, गावाजवळचा ट्रॅक्टर. प्रत्येक अडथळ्यासाठी लोडेड ट्रकचा वेग कमी करायचा आणि पुन्हा एकेक गिअर टाकत तो वाढवायचा, तर डिझेलही जातं आणि वेळही. ड्रायव्हर उजवी लेन धरतो ती बहुतेकदा हे टाळण्यासाठी.

याचा अर्थ त्याला माफ करावं असा नाही. पण नुसता दंड लावून हा प्रश्न सुटणार नाही. डावी लेन मोकळी ठेवणं हे महामार्ग सांभाळणाऱ्या यंत्रणेचं काम आहे आणि ते झाल्याशिवाय लेनची शिस्त कागदावरच राहील.

*ट्रकला कार दिसते का?*

अनेकदा नाही. ट्रकच्या थेट मागे, केबिनच्या अगदी पुढे आणि डाव्या बाजूच्या मोठ्या पट्ट्यात ड्रायव्हरला काहीच दिसत नाही. ड्रायव्हर उजवीकडे आणि उंचावर बसतो, त्यामुळे डावी बाजू सर्वांत धोक्याची. साधी खूण अशी, की ट्रकच्या आरशात ड्रायव्हरचा चेहरा दिसत नसेल, तर त्यालाही मागची कार दिसत नाही.

इंडिकेटरचाही घोळ आहे. दुपदरी रस्त्यांवर काही भागांत ट्रकचा उजवा इंडिकेटर म्हणजे ‘जा पुढे’, तर काही भागांत ‘मी वळतोय’. राज्य बदललं की खुणेचा अर्थही बदलू शकतो. त्यामुळे इंडिकेटरच्या किंवा हाताच्या इशाऱ्यावर विसंबून ओव्हरटेक करू नये. गणित सोपं आहे. ६० ने चाललेल्या ट्रकला ८० ने ओलांडायला, पुढचं-मागचं सुरक्षित अंतर धरून, साधारण १२ ते १३ सेकंद लागतात. समोरून ८० ने कोणी येत असेल, तर तेवढ्या वेळात दोन्ही गाड्या मिळून अर्ध्या किलोमीटरहून अधिक अंतर कापतात. तेवढा रस्ता स्पष्ट दिसत नसेल, तर थांबलेलं बरं.

*रात्री उभा असलेला ट्रक*

चालत्या ट्रकइतकाच, कधी कधी त्याहून जास्त, धोका अंधारात उभ्या असलेल्या ट्रकचा असतो. डिपरवर रस्ता साधारण ४० ते ५० मीटर नीट दिसतो. कोरड्या रस्त्यावर, ब्रेक उत्तम असताना आणि प्रतिक्रियेला दीड सेकंद धरला, तर कार थांबायला लागणारं अंतर असं:

• ताशी ६० किमी: सुमारे ४८ मीटर
• ताशी ८० किमी: सुमारे ७५ मीटर
• ताशी १०० किमी: सुमारे १०५ मीटर

म्हणजे डिपरवर ८० ने जाणारा चालक जे दिसतंय त्याच्या आत थांबूच शकत नाही. त्यात बंद पडलेल्या ट्रकमागे इशारा म्हणून बहुधा चार दगड आणि झाडाच्या फांद्या असतात. कायद्यानुसार ट्रकला रिफ्लेक्टर पट्ट्या हव्यात आणि कार खाली घुसू नये म्हणून मागे लोखंडी संरक्षक आडवा बारही हवा. पट्ट्या चिखलाने झाकलेल्या आणि बार वाकलेला, असे ट्रक कुठल्याही टोल नाक्यावर दिसतात. टोलवर प्रत्येक ट्रकचा फास्टॅग तपासला जातो, मग मागचा दिवा का तपासला जात नाही? हा प्रश्न विचारायला हवा.

*ड्रायव्हर रस्त्यावरच का थांबतो?*

कारण थांबायला दुसरी जागा नसते. दर ४० ते ६० किलोमीटरवर विश्रांतीच्या सुविधा उभारण्याचं केंद्राचं धोरण आहे. पण रात्री पेट्रोल पंप आणि ढाबे भरले की ट्रक कडेलाच लागतो. निर्जन जागी डिझेल आणि माल चोरीची भीती असते, म्हणून ड्रायव्हर केबिनमध्येच झोपतो.

मोटार वाहतूक कामगार कायदा १९६१ मध्ये आला. त्यात दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तास काम, तसंच सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती अशी तरतूद केली गेली. साठ वर्षं उलटली तरी लांब पल्ल्याच्या ट्रकवर हे वेळापत्रक कुणी पाहिलं असेल, तर तो अपवाद. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम आणि अवजड ट्रकना एसी केबिन बंधनकारक झाली, हे चांगलंच. पण केबिन थंड झाली म्हणून झोप पूर्ण होत नाही.

इथेच ग्राहक येतो. ‘सामान तिसऱ्या दिवशी पोचलं पाहिजे’ असं पॅकर्सला बजावलं जातं. एकच ड्रायव्हर, लोडेड ट्रक आणि १,४५० किलोमीटर. दिवसाला आठ तास आणि सरासरी ताशी ४० किलोमीटर धरले, तर हा प्रवास साडेचार दिवसांचा होतो. उरलेला वेळ कुणाच्या झोपेतून कापला जातो, ते उघड आहे. एकीकडे झोपाळू ट्रक ड्रायव्हरला शिव्या द्यायच्या आणि दुसरीकडे आपलं कपाट लवकर पोचवायला त्यालाच जागवायचं, हे दोन्ही एकत्र चालणार नाही.

*निघण्यापूर्वी हे ठरवा*

• दिवसाला ५०० किलोमीटरच्या आसपासच प्रवास ठेवा. सूर्यास्तापूर्वी मुक्काम गाठा.
• पुढच्या ट्रकपासून किमान तीन सेकंदांचं अंतर ठेवा, पावसात दुप्पट. डिसेंबर-जानेवारीत जयपूर ते दिल्ली पट्ट्यात पहाटे धुकं असतं, तेव्हा ऊन पडल्यावरच निघा.
• दोन ट्रकच्या मध्ये, विशेषतः उतारावर, राहू नका. ट्रकच्या बाजूने रेंगाळू नका. ओव्हरटेक करा किंवा मागे राहा.
• मागच्या सीटवरही बेल्ट लावा. मागची काच झाकली जाईल इतकं सामान भरू नका. जड वस्तू डिकीत तळाला ठेवा.
• गाडी बंद पडली तर हॅझार्ड लाइट लावा, लाल त्रिकोण बराच मागे ठेवा आणि सर्वांनी बॅरिअरपलीकडे उभं राहा. राष्ट्रीय महामार्गाची हेल्पलाइन १०३३, आपत्कालीन क्रमांक ११२.
• गाडी दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांहून जास्त ठेवायची असेल, तर नव्याने नोंदणी लागते. त्यासाठी मूळ आरटीओची एनओसी घ्या. बीएच सीरिजच्या गाडीला ही कटकट नाही.
• पॅकर्सला भावाबरोबर आणखी दोन प्रश्न विचारा: ट्रकवर ड्रायव्हर किती आणि रात्री ट्रक कुठे थांबणार? उत्तर पटलं तर दोन दिवस जास्त द्या.

ट्रकसाठी पुरेसं पार्किंग, कामाच्या तासांची खरी तपासणी आणि दिवे-रिफ्लेक्टरवर कडक कारवाई, ही सरकारची जबाबदारी आहे आणि ती टाळता येणार नाही. पण सामान दोन दिवस उशिरा आलं तरी चालेल, हे ठरवायला अधिसूचनेची गरज नाही. ते फोनवर एका वाक्यात सांगता येतं.