निसर्गाची शाळा : वृक्षांची साक्ष

शेवात महिन्याच्या पंधराव्या दिवशी तू बिश्वात येतो आणि शाळाशाळांतून मुले हातांत रोपे घेऊन टेकड्यांकडे निघतात. आपल्या बेने इस्राएल घराण्यांत हाच दिवस एलियाहू हन्नाबीच्या उरुसाचा. त्या दिवशी मलिद्याचे ताट फळांनी सजते. परंतु झाडांस स्वतंत्र नववर्ष कशासाठी, असा प्रश्न एखादे चौकस मूल विचारते तेव्हा उत्तर देताना पालकांची थोडी धांदल उडते. मिश्नाकारांनी वर्षाचे चार प्रारंभ सांगितले आहेत आणि त्यांपैकी एक झाडांचा आहे. शम्मायच्या पाठशाळेने त्यासाठी शेवातचा पहिला दिवस सांगितला, हिल्लेलच्या पाठशाळेने पंधरावा. हिल्लेलचे मत ग्राह्य ठरले. या काळाच्या निवडीस तालमूदात जे कारण दिले आहे ते लक्षात ठेवण्याजोगे आहे : तोवर वर्षाचा बहुतेक पाऊस पडून गेलेला असतो. म्हणजे आमच्या पूर्वजांनी झाडाचे वर्ष पावसावरून मोजले. झाडही आपले वर्ष पावसावरूनच मोजते आणि त्याचा हिशेब स्वतःच्या खोडात लिहून ठेवते. तो हिशेब वाचण्याची विद्या गेल्या सव्वाशे वर्षांत विकसित झाली. तिचाच परिचय या वेळी करून देण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम हा हिशेब लिहिला कसा जातो ते पाहू. झाडाची साल आणि लाकूड यांच्या मध्ये एक अत्यंत पातळ असा जिवंत थर असतो. तो दरवर्षी आतल्या बाजूस नवे लाकूड घालतो. जमिनीत ओल भरपूर असते तेव्हा त्या लाकडाच्या पेशी मोठ्या व पातळ भिंतींच्या होतात आणि रंग फिकट दिसतो. ओल सरत जाते तसतशा त्या लहान व जाड भिंतींच्या होऊन रंग गडद होतो. मग वाढ थांबते. फिकट पट्टा आणि गडद पट्टा मिळून एका वर्षाचे एक वलय होते. पाऊस चांगला झाला तर वलय रुंद, कमी झाला तर अरुंद. हे पाहण्यासाठी झाड तोडावे लागत नाही. पोकळ गिरमिटाने खोडातून पेन्सिलीपेक्षाही बारीक अशी लाकडाची कांडी काढतात, ती गुळगुळीत घासतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली वलये मोजतात.

येथे एक सूचना आवश्यक आहे. झाड सर्वच गोष्टींची नोंद ठेवीत नाही. त्यास ज्याची उणीव भासते, त्याचीच ते नोंद ठेवते. उत्तर युरोपच्या थंड प्रदेशांत पाणी मुबलक आणि ऊब दुर्मीळ, म्हणून तेथील वलये उन्हाळा किती उबदार होता ते सांगतात. आमच्यासारख्या कोरड्या देशात ऊब हवी तितकी आणि पाणी दुर्मीळ, म्हणून येथील वलये पावसाविषयी बोलतात. कोणत्या झाडास कोणता प्रश्न विचारावा, हे जाणणे हा या विद्येचा पहिला पाठ होय.

या विद्येचा जनक वनस्पतिशास्त्रज्ञ नव्हता. अँड्र्यू एलिकट डग्लस हा अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ सूर्यावरील डागांच्या सुमारे अकरा वर्षांच्या चक्राचा हवामानावर परिणाम होतो काय, हे शोधीत होता. जुन्या काळचे हवामान कोणी मोजून ठेवलेले नव्हते. तेव्हा विसाव्या शतकाच्या प्रारंभी ॲरिझोनातील कोरड्या पठारावरच्या पाइन वृक्षांकडे तो वळला. त्यास असे आढळले की, परस्परांपासून कित्येक मैल दूर असलेल्या झाडांतही रुंद व अरुंद वलयांचा क्रम एकच आहे. ज्या वर्षी एक झाड तहानले, त्या वर्षी त्या प्रदेशातील सर्वच झाडे तहानली होती.

आपल्या धर्मशास्त्रात एका साक्षीदाराच्या शब्दावर निवाडा होत नाही. निदान दोन तरी लागतात. वृक्षांच्या न्यायालयातही हाच नियम आहे आणि त्यास सबळ कारण आहे. फार कोरड्या वर्षी काही झाडे खोडाच्या एका बाजूस वलय घालीतच नाहीत. उलट, मोसमाच्या मध्येच पाऊस खंडून पुन्हा आला तर एकाच वर्षात दोन वलयांचा भास होतो. एकच झाड मोजणारा म्हणूनच हमखास चुकतो. अनेक झाडांचे क्रम एकमेकांशेजारी ठेवून पाहिले म्हणजे कोणाचे वर्ष गहाळ झाले आणि कोणी एक वर्ष दोनदा लिहिले, ते उघड होते. मग प्रत्येक वलयास त्याचे नेमके साल देता येते.

याच रीतीने जिवंत झाडांच्या जन्मापूर्वीही जाता येते. एका घरात आजोबा, वडील आणि मुलगा या तिघांच्या रोजनिशा सापडल्या, पण त्यांवर साल घातलेले नाही, अशी कल्पना करा. मुलाच्या रोजनिशीतील आरंभीच्या वर्षांच्या घटना वडिलांच्या अखेरच्या पानांत आहेत, आणि वडिलांच्या आरंभीच्या घटना आजोबांच्या अखेरच्या पानांत. मुलाच्या शेवटच्या पानाची तारीख ठाऊक असली की तिन्ही वह्यांना साल देता येते. डग्लसने जिवंत झाडे आणि प्राचीन घरांच्या तुळया अशाच जोडल्या. मध्ये एक दुवा निखळलेला होता. दिनांक २२ जून १९२९ रोजी ॲरिझोनातील शो लो या गावी एक जळकी तुळई सापडली आणि तिने तो दुवा सांधला. त्यामुळे तेथील आदिवासींच्या ओसाड पडलेल्या वस्त्या केव्हा बांधल्या गेल्या ते कळले. शिवाय १२७६ ते १२९९ या काळात त्या प्रदेशावर दीर्घ अवर्षणाचे संकट होते, असेही दिसून आले. पुढे १९३७ साली टूसाँ येथील विद्यापीठात वलय-संशोधनाची प्रयोगशाळाच स्थापन झाली. कॅलिफोर्नियाच्या पर्वतांत १९५७ साली एडमंड शुलमन यांस आढळलेल्या एका पाइन वृक्षाची वलये ४,८०० च्या आसपास भरली आणि त्यास तोरातील मथुशलहाचे नाव मिळाले. मथुशलह बिचारा ९६९ वर्षांवर थांबला होता!

परंतु वलय किती रुंद असता पाऊस किती मिलिमीटर, हे ठरवावयाचे कसे? हा प्रश्न आम्हां शिक्षकांच्या विशेष जिव्हाळ्याचा आहे, कारण त्याचे उत्तर वर्गातल्या पद्धतीने मिळते. ज्या वर्षांची पर्जन्यमापकातील मोजणी उपलब्ध आहे, त्यांतील काही वर्षे घेऊन वलयाची रुंदी आणि पाऊस यांचा संबंध शोधतात. उरलेली वर्षे झाकून ठेवतात. मग सापडलेला नियम त्या झाकलेल्या वर्षांवर लावून पाहतात. उत्तर मोजणीशी जुळले तरच त्या नियमास शेकडो वर्षे मागे जाण्याची परवानगी. सोडवून दाखविलेलीच उदाहरणे परीक्षेत घालणे काही खरे नव्हे.

कोकणात बालपण गेलेले आमचे वाचक येथे विचारतील की, आमच्या आंब्या-फणसांत असे काही आहे काय? सदाहरित झाडांची वाढ स्पष्टपणे थांबत नाही, म्हणून त्यांची वलये बहुधा पुसट किंवा अनियमित असतात. साग मात्र उन्हाळ्यात पाने टाकून निजतो आणि पावसाबरोबर जागा होतो. त्याचे वलय स्वच्छ उमटते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतील संशोधकांनी १९८० च्या दशकात ठाणे भागातील सागाची वलये तपासली. पुढे त्याच संस्थेच्या संशोधकांनी केरळातील सागावरून १४८१ ते २००३ अशी ५२३ वर्षांची मालिका सिद्ध केली. अमेरिकेतील एडवर्ड कुक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली आशिया खंडातील वृक्षांच्या साक्षी एकत्र करून मोसमी पावसाच्या अवर्षणांचा नकाशासंग्रह प्रसिद्ध केला. १८७६ ते १८७८ च्या ज्या दुष्काळाने दख्खन उद्ध्वस्त केले, त्याची छाया त्यात सबंध आशियावर पसरलेली दिसते.

आता आपल्या या देशाकडे वळू. येथे अडचण वेगळीच आहे. वृद्ध साक्षीदार फार थोडे उरले आहेत. हजारो वर्षे येथे झाडे घरांसाठी, जहाजांसाठी व जळणासाठी तुटत राहिली. पहिल्या महायुद्धात तुर्की आगगाड्यांच्या इंजिनांतही गेली. आज ज्या पाइनच्या राया आपण पाहतो, त्या बहुतेक विसाव्या शतकातील लागवडीच्या आहेत. मग जैतून? ते दीर्घायुषी खरे, पण त्याची साक्ष कच्ची. त्याचे खोड वेडेवाकडे वाढते आणि आतून पोकळ होते. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत जैतुनाच्या त्याच लाकडावरील वलये वेगवेगळ्या तज्ज्ञांकडून मोजून घेतली, तेव्हा प्रत्येकाचा आकडा निराळा आला. यरुशलेमच्या गेथशेमाने बागेतील जैतुनांचे वय म्हणूनच वलयांनी न ठरविता लाकडातील किरणोत्सर्गी कार्बनवरून ठरविले गेले, आणि तपासलेली खोडे अकराव्या-बाराव्या शतकातील निघाली. आपणां शनवार तेल्यांच्या वंशजांस तेलाच्या झाडाविषयी असे लिहिताना अवघड वाटते, पण साक्षीच्या कामी ते उपयोगाचे नाही.

साक्षीदार मिळाले ते अरावाच्या पलीकडे, दक्षिण जॉर्डनच्या डोंगरांत. तेथील जुनिपर वृक्षांवरून रमझी तूशान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली गेल्या ३९६ वर्षांच्या ऑक्टोबर ते मे या मोसमी पावसाचा आलेख मांडला. १९४६ ते १९९५ या मोजणीच्या पन्नास वर्षांत, पाऊस सरासरीच्या ८० टक्क्यांहून कमी अशी सलग वर्षे जास्तीत जास्त तीन आली होती. वृक्षांनी सांगितले की, पूर्वी अशी सलग चार वर्षेही आली आहेत. एका वर्षाचा फरक ऐकावयास लहान वाटतो. परंतु तीन कोरड्या वर्षांपुरते पाणी साठवून निश्चिंत बसलेल्या गावास चौथे वर्ष काय करील, याचा विचार वाचकांनी करावा. योसेफाने फारोस सात वर्षांची तरतूद सांगितली होती.

साक्षीदाराची उलटतपासणी किती आवश्यक असते, हे मसादाच्या उदाहरणावरून कळते. रोमन सैन्याने सुमारे इ. स. ७३ मध्ये किल्ल्यापर्यंत जो चढाव रचला, त्याच्या मातीतून लाकडे आजही डोकावतात. त्यांत झाऊ, म्हणजे हिब्रूतील एशेल, हे झाड आहे; अब्राहमाने बेर शेवा येथे लावले ते हेच. झाड तहानले की पानांची छिद्रे मिटून घेते आणि मग त्याच्या लाकडात जड कार्बनचे प्रमाण वाढते. रेहोवोतच्या वाइझमन संस्थेतील दान याकीर आणि सहकाऱ्यांनी हे प्रमाण मसादाच्या लाकडांत व आजच्या झाऊंत मोजले. १९९४ साली त्यांनी निष्कर्ष काढला की, वेढ्याच्या काळी तेथील हवा आजच्याहून कमी कोरडी होती. पुढे २०१० साली सिम्हा लेव-यादून आणि सहकाऱ्यांनी निराळाच हिशेब मांडला. मसादाच्या रहिवाशांस व रोमन सैन्यास किती लाकूड लागले असेल ते मोजून ते म्हणाले की, एवढे लाकूड त्या वाळवंटात उगवणे शक्य नाही. ते अधिक पावसाच्या भागातून आणलेले असावे. तसे असल्यास ते लाकूड खरे बोलते, पण दुसऱ्या गावाविषयी! साक्षीदार प्रामाणिक आहे एवढे पुरत नाही. तो कोठला, हेही विचारावे लागते.

इतक्या काटेकोरपणे तपासलेल्या अनेक साक्षी जेव्हा एकमुखाने बोलतात, तेव्हा त्यांचे म्हणणे गंभीरपणे घेतले पाहिजे. १९९८ ते २०१२ हा काळ आपल्यापैकी पुष्कळांना आठवत असेल. २००१ सालच्या नोव्हेंबरात किनेरेतची पातळी समुद्रसपाटीखाली २१४.८७ मीटरपर्यंत उतरली होती. अमेरिकेच्या अंतराळ-संस्थेतील बेंजामिन कुक आणि सहकाऱ्यांनी भूमध्य समुद्राभोवतालच्या वृक्षांच्या नोंदी घेऊन २०१६ साली या काळाची तुलना मागील शतकांशी केली. पूर्व भूमध्य प्रदेशात हा काळ गेल्या ५०० वर्षांतील तशा कोणत्याही काळाहून अधिक कोरडा असण्याची शक्यता त्यांनी १०० पैकी ९८ सांगितली, आणि ९०० वर्षांच्या तुलनेत १०० पैकी ८९. शंभरपैकी शंभर असे ते म्हणाले नाहीत, हे आम्हांस विशेष आदरणीय वाटते. निसर्गाच्या नेहमीच्या चढउतारांपलीकडचे हे अवर्षण असल्याने त्यात मानवाच्या करणीचाही वाटा असावा, असे त्यांचे मत आहे.

आपल्यापैकी पुष्कळजण जेथून आले, त्या अलिबागेच्या बाजूस एखाद्या मुसळधार दिवसात जितका पाऊस पडतो, तितका, म्हणजे सुमारे २०० मिलिमीटर, बेर शेवास वर्षभरात पडतो. अशा देशात एका माणसाच्या आठवणीवर पाण्याचा हिशेब बेतणे धोक्याचे आहे. अश्कलोन येथे २००५ साली, व नंतर इतरत्रही, समुद्राचे पाणी गोडे करण्याचे मोठे कारखाने उभे राहिले. त्यामुळे नळास पाणी येते आणि चार ओल्या हिवाळ्यांनंतर मागील टंचाई विस्मरणात जाते. झाडे ती विसरत नाहीत. त्यांच्या साक्षीनुसार लांब अवर्षण हा या भूमीत अपवाद नसून पुनःपुन्हा येणारा पाहुणा आहे. धोरण आखणाऱ्यांनी हे जाणावेच. पण अंगणात हिरवळीसाठी नळी सोडून ठेवणाऱ्या आपणही जाणावे.

पालकांस एक विनंती. आपल्या वसाहतीत वादळाने किंवा रस्तारुंदीसाठी एखादे पाइनचे झाड पडले, तर त्याचा बुंधा मुलांना अवश्य दाखवा. सालीकडून आत मोजावयास सांगा आणि मूल जन्मले त्या वर्षाच्या वलयावर टाचणी टोचा. मग अरुंद वलये कोणकोणत्या वर्षांची ते शोधू द्या. त्या वर्षांचा पाऊस घरातील वडीलधाऱ्यांना आठवतो काय, तेही विचारा. दोन बुंधे मिळाल्यास अधिक उत्तम. कारण ते का, हे आता वाचकांस सांगावयास नको.

पुढील अंकी मृत समुद्राच्या तळाशी साचलेल्या गाळाच्या थरांविषयी लिहू.