जनानखान्यातला कॅमेरा

शव्वाल लागला की आमच्या भागात निकाहांची रीघ लागते. रमजानभर थांबलेल्या तारखा एकदम येतात, कार्यालये मिळत नाहीत, आणि याच दिवसांत आमच्याकडे पालकांचा एक ठरलेला प्रश्न येतो: मुलगा, हल्ली मुलगीसुद्धा, लग्नाचे फोटो काढायचे म्हणते आहे, कॅमेरा मागते आहे, घेऊन द्यावा का?

गेल्या महिन्यात एका माजी विद्यार्थिनीचे अब्बा आले होते. रिक्षा चालवतात. मुलीच्या नावाने साठवलेले एक लाख चाळीस हजार त्यांच्याजवळ आहेत आणि मुलीने दाखवलेला नवा कॅमेरा नेमका तेवढ्यालाच बसतो. ही रक्कम बुडाली तर पुन्हा जमणार नाही, एवढेच ते बोलले. त्यांना जे सांगितले ते थोडे विस्ताराने इथे लिहीत आहोत, कारण प्रश्न त्यांच्या एकट्याचा नाही.

पहिली गोष्ट, मुलींना या कामात खरोखर वाव आहे. आपल्याकडे मर्दानी बैठक एका दालनात, जनानी दुसऱ्या. वकील आणि गवाह वधूची रजामंदी घ्यायला आत जातात, ती सही करते, अम्मी-खाला डोळे पुसतात, हे सगळे आतल्या खोलीत पाच मिनिटांत घडते. बाहेरचा छायाचित्रकार तिथे पोहोचत नाही, आणि पोहोचला तर अर्ध्या बायका पदर ओढून भिंतीकडे तोंड करतात. त्यामुळे कित्येक घरांच्या अल्बममध्ये नवरदेवाचे घोळकेच्या घोळके असतात आणि वधूच्या आजीचा एक फोटो नसतो. ही गरज आजची नाही. निजामाच्या दरबाराचे छायाचित्रकार लाला दीनदयाळ यांनी १८९२ साली हैदराबादेत पडद्यातल्या स्त्रियांसाठी वेगळा जनाना स्टुडिओ उघडला होता आणि तो एका युरोपीय बाईंच्या हाती सोपवला होता. आपला मराठवाडा तेव्हा त्याच संस्थानात होता.

काम आहे म्हणून कॅमेरा मात्र आधी घेऊ नये. एक हंगाम कुणा जाणत्या छायाचित्रकाराबरोबर मदतनीस म्हणून उभे राहावे. फ्लॅश धरावा, बॅटऱ्या चार्ज कराव्यात, कोण कुठे बसते ते पाहावे. इजाब-कबूल दोन मिनिटांत आटोपते. एकदा कबूल झाले की काजीसाहेब फोटोसाठी ते पुन्हा म्हणवून घेत नाहीत. ही घाई अंगवळणी पडेपर्यंत मोठ्या शहरात कॅमेरा आणि लेन्स दिवसाच्या भाड्याने मिळतात, ते पुरे.

आता सामान. मुले विचारतात मेगापिक्सेल किती. विचारायला हवे प्रकाश किती. आपली कार्यालये म्हणजे पिवळे बल्ब, पांढऱ्या ट्यूब आणि वरून लाल-हिरव्या माळा. कॅमेऱ्याबरोबर जी १८-५५ ची लेन्स येते ती अशा ठिकाणी धापा टाकते. त्याऐवजी ३५ मि.मी. एफ १.८ सारखी एकच फोकल लांबी असलेली लेन्स घेतली, तर त्याच ३५ मि.मी.वर साधारण सहापट प्रकाश आत येतो. पन्नासची लेन्स स्वस्त मिळते म्हणून सगळे तीच घेतात. पण लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर तिची चौकट पंचाहत्तरसारखी आखडते. जनान्यातली खोली दहा बाय बाराची, त्यात तीस बायका. मागे सरकायला भिंत आडवी येते. म्हणून पस्तीस. एक सांभाळावे: कुटुंबाचा तीन रांगांचा फोटो एफ १.८ वर काढला तर मागची रांग धूसर होते. तिथे एफ ५.६ वर यावे आणि फ्लॅश लावावा.

फ्लॅश थेट तोंडावर मारू नये. छत पांढरे असेल तर वर फिरवावा, मऊ उजेड खाली उतरतो. वर गुलाबी कापडाचा मंडप असेल तर मात्र सगळे वऱ्हाड गुलाबी दिसते, आणि तो रंग नंतर काढताना नाकी नऊ येतात. साध्या एलईडी दिव्यांखाली फोटोत आडवे पट्टे येतात. आपली वीज ५० हर्ट्झची, दिवा सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतो. शटर १/५० किंवा १/१०० ठेवले की पट्टे बहुधा जातात. नव्या मिररलेस कॅमेऱ्यांचा आवाज न करणारा शटर खुतब्याच्या वेळी सोयीचा वाटतो, पण पट्टे त्यातच जास्त दिसतात. विकत घेण्याआधी दुकानातल्या दिव्याखाली तपासून पाहावे.

कॅमेऱ्यात कार्डाच्या दोन खाचा हव्यात, यावर आम्ही अडून बसतो. प्रत्येक फोटो दोन्ही कार्डांवर एकाच वेळी उतरतो. एक कार्ड बिघडले तरी कुणाच्या मुलीचा निकाह पुसला जात नाही. नवीन ते चांगलेच, असेही इथे नाही. निकॉनच्या २०१५ सालच्या डी ७२०० ला दोन खाचा आहेत, त्यानंतर २०१७ साली आलेल्या डी ७५०० ला एकच. पूर्ण फ्रेमचा हवा असेल तर २०१४ सालचा डी ७५० आहे, त्यालाही दोन. हे जुने कॅमेरे वापरलेले मिळतात, मुंबईत फोर्टच्या बोरा बाजारात किंवा ओळखीच्या दुकानात. घेताना शटर किती वेळा उघडले तो आकडा काढून घ्यावा. या दोन्ही जुन्या कॅमेऱ्यांचा शटर कंपनीने दीड लाख वेळांसाठी तपासलेला आहे; एका लग्नात दीड-दोन हजार फोटो सहज निघतात, हिशेब घरीच करता येईल.

ड्रोन, धुराची नळकांडी आणि वधूचे मुंडके गुलाबाच्या पाकळीत बसवणारा अल्बम यांवर पहिल्या वर्षी एक रुपयाही घालू नये. नंतरही घालू नये, पण ते गिऱ्हाईक ठरवील.

जनान्यात काढलेले फोटो ही अमानत आहे, आणि मुलीचा धंदा याच एका गोष्टीवर उभा राहील किंवा बसेल. उघड्या केसांनी मेहंदीला बसलेल्या बायकांनी तिला आत येऊ दिले ते ती मुलगी आहे म्हणून. तेच फोटो दुरुस्तीसाठी चौकातल्या पोराच्या संगणकावर गेले तर आत येऊ देण्याला अर्थ राहत नाही. निवडणे, रंग सुधारणे तिने स्वतः शिकावे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे, वेगळा करार नसेल तर पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला हक्क पैसे देणाऱ्याचा असतो. म्हणजे जाहिरातीसाठी वधूचा फोटो इन्स्टाग्रामवर टाकायचा तर आधी विचारायलाच हवे. किती फोटो, किती दिवसांत, आगाऊ किती, कोणते कुणाला दाखवायचे, घरी प्रती किती दिवस ठेवायच्या, हे एका कागदावर लिहून दोघांनी सह्या कराव्यात. नात्यातल्या लग्नातही. नात्यातल्या लग्नात तर नक्कीच.

त्या अब्बांना आम्ही सुचवले ते असे: निम्म्याहून कमी रक्कम वापरलेल्या दोन खाचांच्या कॅमेऱ्यात, मग पस्तीसची लेन्स, एक फ्लॅश, चार कार्डे, घरी प्रती ठेवायला दोन वेगळ्या हार्ड डिस्क. उरेल ते बँकेतच राहू द्यावे. दुसरा कॅमेरा निकाहाच्या दिवसापुरता भाड्याने आणावा आणि ते भाडे गिऱ्हाइकाला सांगतानाच दरात धरावे. हप्त्यावर काही घेऊ नये, कारण मुहर्रमच्या महिन्यात आपल्याकडची लग्ने जवळजवळ थांबतात, हप्ता थांबत नाही. मुलगी सध्या एका बाईंबरोबर जाते आहे, फ्लॅश धरायला.